सीआयएचा माणूस कॅपिटॉल हिलवर: खासदारांशी रोजचा व्यवहार कसा सांभाळतात

गुप्तचर संस्था आणि संसद म्हटलं की टीव्हीवरची सुनावणी आठवते. संचालक हात वर करून शपथ घेतोय, समोर कॅमेऱ्यांची रांग, एखादा सिनेटर आवाज चढवतोय. असे दिवस वर्षात मोजकेच येतात. बाकीचं वर्ष फोन, टिपणं, बिनखिडकीच्या खोलीतल्या बैठका आणि 'त्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही' असल्या तगाद्यांत जातं. अमेरिकेच्या सीआयएमध्ये हे सगळं सांभाळायला एक वेगळी कचेरीच आहे, ऑफिस ऑफ काँग्रेशनल अफेअर्स. काँग्रेस म्हणजे इथे अर्थातच तिथली संसद, आणि कॅपिटॉल हिल म्हणजे ती जिथे बसते ती वॉशिंग्टनमधली टेकडी.

समजा, तुम्ही त्या कचेरीत आज रुजू झालात, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. तुम्ही आंतरराष्ट्रीय संबंध शिकत असाल, वॉशिंग्टनच्या बातम्या मराठीत लिहीत असाल किंवा एखाद्या सदस्याच्या ऑफिसात इंटर्न म्हणून निघाला असाल, तर टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरून काय दिसतं हे कळलेलं बरं. सगळी माहिती उघड कागदपत्रांतली आहे. गुपित फोडल्याचा आव आणायचं कारण नाही.

पहिली पायरी: कोण कोण आहे ते ओळखा

काँग्रेसमध्ये ५३५ सदस्य आहेत. सिनेटमध्ये १००, प्रतिनिधिगृहात ४३५. यातल्या सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं. तुमचा मुख्य संबंध येतो दोन समित्यांशी: सिनेटची गुप्तचर समिती, जी मे १९७६मध्ये झाली, आणि प्रतिनिधिगृहाची, जी जुलै १९७७मध्ये झाली. त्याआधी जवळपास तीस वर्षं हा कारभार मूठभर ज्येष्ठ सदस्य आणि सीआयएचे संचालक यांच्यातल्या खासगी गप्पांवर चालत होता. ज्येष्ठही असे, की सिनेटर लेव्हरेट सॉल्टनस्टॉल यांनी १९५६ साली सभागृहातच सांगून टाकलं: सीआयएचे लोक सांगायला कचरत नाहीत, आम्हीच विचारायला कचरतो, काही गोष्टी माहीत नसलेल्याच बऱ्या. डिसेंबर १९७४मध्ये सेमूर हर्श यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बातमी दिली की सीआयए देशातल्याच नागरिकांवर पाळत ठेवत होती. मग सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली, आणि तो जुना भिडस्तपणा संपला.

तिसरं दार नवख्यांच्या लक्षात येत नाही. पैसा मंजूर करणाऱ्या विनियोजन समित्यांच्या संरक्षण उपसमित्या. गुप्तचर समिती कार्यक्रमाला मान्यता देते, पण चेक फाडतात ते हे लोक. वर्तमानपत्रं गुप्तचर समितीच्या मागे धावतात तेव्हा अनुभवी अधिकारी शांतपणे उपसमितीच्या कारकुनाला फोन करत असतो. तिथे क्लार्क म्हणतात त्याला, पण आपल्याकडच्या कारकुनाशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याच्या एका शेऱ्यावर तुमच्या संस्थेचा अख्खा प्रकल्प अडकू शकतो.

निवडून आलेल्या सदस्याची पार्श्वभूमी कोणी तपासत नाही. लोकांनी निवडून दिलं, हाच त्याचा परवाना. प्रतिनिधिगृहात गोपनीय माहिती बघण्याआधी गुप्ततेची शपथ घ्यावी लागते, इतकंच. समितीच्या स्टाफला मात्र रीतसर क्लिअरन्स लागतो, म्हणजे पार्श्वभूमी तपासून दिलेली गोपनीय कागद बघायची परवानगी. आणि तुमचा रोजचा संबंध येणार तो या स्टाफशीच. सदस्य आज इथे, उद्या मतदारसंघात. स्टाफर दहा-दहा वर्षं तीच फाइल सांभाळतो, त्याला तुमच्या संस्थेची गेल्या तीन संचालकांच्या काळातली आश्वासनं पाठ असतात. काही स्टाफर तर आधी गुप्तचर खात्यातच नोकरीला होते; त्यांना शब्दांच्या आड लपून चकवणं जमत नाही, ते लपायच्या जागा ओळखून असतात.

समितीबाहेरच्या सदस्याचा फोन आला तर? बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ साली मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात गेले आणि होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) समितीवर आले. त्यांच्यासारख्या, गुप्तचर समितीवर नसलेल्या सदस्याच्या ऑफिसातून एखाद्या अहवालाची विचारणा झाली, तर 'तुम्हाला हक्क नाही' असं कधी म्हणायचं नाही. त्यांना गुप्तचर समितीकडे लेखी विनंती करायला सांगायचं. समितीबाहेरच्या सदस्याला कागद दाखवायचे की नाही हे ठरवायची पद्धत समितीच्या नियमांतच आहे. निर्णय त्यांचा त्यांनी घेतलेला केव्हाही बरा.

दुसरी पायरी: कायद्यातलं ते एक वाक्य पाठ करा

१९४७चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, त्यात १९८० आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्या. त्यांचं सार असं: दोन्ही समित्यांना गुप्तचर कामांची माहिती पूर्णपणे आणि वेळच्या वेळी द्यायची. त्यात मोठी अपयशं आली, बेकायदा प्रकार आले, आणि जे महत्त्वाचं अजून घडायचं आहे तेही आलं. हे शेवटचं नीट वाचा. 'झाल्यावर सांगू' हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. एक पळवाट आहे, उगमस्रोत आणि कार्यपद्धती सांभाळून माहिती द्यावी अशी. तिचा वापर माणसाचं नाव झाकायला होतो तोवर ठीक, अख्खी घटना झाकायला झाला की समितीला वास येतोच.

छुप्या कारवाईचा नियम अजून कडक. राष्ट्राध्यक्षांनी लेखी 'फाइंडिंग'वर सही करायची, म्हणजे ही कारवाई देशहितासाठी आवश्यक आहे असा निर्णय कागदावर आणायचा. फारच घाई असेल तर तोंडी निर्णय चालतो, पण ४८ तासांच्या आत तो कागदावर यायला हवा. आणि मागच्या तारखेपासून लागू होणारी फाइंडिंग चालत नाही. हा शेवटचा नियम उगाच नाही आला. इराणला शस्त्रं पोचवण्याच्या प्रकरणात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी डिसेंबर १९८५मध्ये आधीच झालेल्या खेपेला मान्यता देणारा कागद सही केला होता, आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी तो पुढे फाडून टाकला. त्यानंतर जानेवारी १९८६च्या फाइंडिंगमध्ये तर काँग्रेसला कळवू नका असंच लिहिलं होतं. १९९१ची दुरुस्ती त्या राड्यातून आली.

समितीला कारवाई थांबवण्याचा अधिकार नाही, हेही लक्षात असू द्या. ती नाराजीचं पत्र लिहू शकते, राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाऊ शकते आणि पुढच्या वर्षी पैसे तोडू शकते. शेवटचं हत्यार पुरेसं आहे.

तिसरी पायरी: सांगायचं कधी आणि किती मोठ्याने

माझ्या मते या नोकरीतलं सगळं कसब इथेच आहे, म्हणून जरा थांबू.

१९८४ साली सीआयएने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरायच्या कामात हात घातला होता. प्रतिनिधिगृहाच्या समितीला ते जानेवारीअखेर कळलं. सिनेटच्या समितीसमोर संचालक विल्यम केसी मार्चमध्ये आले. लांबलचक निवेदन झालं, आणि त्यात सुरुंगांबद्दल एक वाक्य होतं. एकच. केसी बोलताना पुटपुटत, हे साऱ्या वॉशिंग्टनला ठाऊक होतं. ते वाक्य बहुतेकांच्या कानावरून गेलं. एप्रिलच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत बातमी फुटली.

समितीचे अध्यक्ष होते बॅरी गोल्डवॉटर. कट्टर उजवे, रेगन यांचे पक्षबंधू, सीआयएचे पाठीराखे. त्यांनी ९ एप्रिलला केसींना जे पत्र लिहिलं, त्यातले शब्द सभ्य मराठीत आणणं अवघड आहे. दुसऱ्याच दिवशी सिनेटने ८४ विरुद्ध १२ मतांनी सुरुंग पेरणीविरोधात ठराव केला. समितीचे उपाध्यक्ष डॅनियल मॉयनिहन यांनी त्या पदाचा राजीनामा जाहीर केला. केसींनी माफी मागितल्यावर तो मागे घेतला. जूनमध्ये केसी आणि समिती यांच्यात लेखी करार झाला, की यापुढे छुप्या कारवायांत काय काय आगाऊ कळवायचं. आणि ऑक्टोबरमध्ये निकाराग्वातल्या सरकारविरोधी बंडखोरांना मिळणारी अमेरिकी मदत कायद्यानेच बंद झाली.

आता केसी म्हणू शकत होते, आणि त्यांच्या लोकांनी म्हटलंही, की आम्ही सांगितलं होतं, इतिवृत्त काढून बघा. इतिवृत्तात ते वाक्य होतं. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. सांगितलं, हे सिद्ध करता येणं वेगळं आणि समोरच्याला कळलं याची खात्री करणं वेगळं. सुरुंगांना विरोध करणाऱ्यांपेक्षा, सीआयएची बाजू घेऊन सभागृहात उभं राहिल्यावर तोंडघशी पडलेले मित्र जास्त चिडले.

तेव्हा व्यवहारात एवढं करा. जी गोष्ट उद्याच्या पेपरात आली तर सदस्य पहिल्यांदा तिथे वाचेल, ती आज कळवा. तातडीची असेल तर आधी दोन्ही समित्यांच्या स्टाफ डायरेक्टरांना सुरक्षित फोनवर, मग लेखी सूचनापत्र. बहुमत आणि अल्पमत, दोन्ही बाजूंच्या स्टाफला एकाच वेळी. तासाभराचा फरकही लक्षात राहतो, आणि तुम्ही एका पक्षाचे म्हणून शिक्का बसला की तो पुसायला अख्खं सत्र जातं. लेखी सूचनेत वाईट बातमी पहिल्या परिच्छेदात. ती तिसऱ्या पानावर, 'दरम्यान' या शब्दानंतर आली, तर स्टाफर त्या शब्दाखाली लाल रेघ मारून तुम्हाला परत पाठवेल.

संस्थेच्या आतून विरोध होणारच. ज्या विभागाचं काम फसलं तो म्हणणार, अजून सगळी माहिती हातात नाही, पूर्ण चौकशी होऊ द्या. त्यांना एवढंच सांगा, की 'अमुक घडलं, तपशील येतोय' एवढं आज कळवलं तर महिनाभर मिळतो. न कळवता महिना गेला तर एक दिवसही मिळत नाही.

चौथी पायरी: ब्रीफिंगची खोली आणि त्यानंतरची अर्धी रात्र

बैठका होतात त्या खोल्यांना स्किफ म्हणतात. मोबाइल, स्मार्ट घड्याळ बाहेरच्या कप्प्यात. सिनेटची समिती हार्ट इमारतीत बसते, प्रतिनिधिगृहाची कॅपिटॉलच्या भेट-केंद्राच्या तळघरात. सोबत विषयाचा जाणकार विश्लेषक न्या, आणि त्याला आधी बजावा: माहीत नसेल तर 'माहीत नाही, कळवतो' म्हण. नवे विश्लेषक हुशारी दाखवायला अंदाज बांधतात, आणि तो अंदाज समितीच्या टिपणात संस्थेचं मत म्हणून जाऊन बसतो. तुम्ही स्वतः बोलायचं नाही. कोण आलं, किती वाजता आलं, कोण अर्ध्यात उठून गेलं, काय विचारलं, काय कबूल केलं, हे लिहायचं. आणि त्याच दिवशी, झोपायच्या आधी, त्याचं टिपण करून फाइलला लावायचं.

याचं महत्त्व २००९ साली जगाला दिसलं. सीआयएच्या कैद्यांवर पाण्याचा छळ (वॉटरबोर्डिंग) होतो हे काँग्रेसच्या नेत्यांना २००२ सालीच सांगितलं होतं का, यावर वाद पेटला. प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी म्हणाल्या, आमची दिशाभूल झाली. सीआयएने कोणाला कधी ब्रीफ केलं याची तारीखवार यादी दिली. यादीत माजी सिनेटर बॉब ग्रॅहम यांच्या नावापुढे चार तारखा होत्या. ग्रॅहम यांना आयुष्यभराची एक सवय होती: खिशात लहान स्पायरल वही, तिच्यात कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय खाल्लं, सगळ्याची नोंद. लोक त्यावरून त्यांची थट्टा करत. त्यांनी वह्या काढून बघितल्या. चारपैकी तीन तारखांना असं ब्रीफिंग झालंच नव्हतं. सीआयएने स्वतःच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि ते मान्य केलं.

देशाच्या गुप्तचर संस्थेची फाइल एका म्हाताऱ्या सिनेटरच्या वहीपुढे हरली. संचालक लिऑन पनेटा यांनी यादीबरोबरच्या पत्रात आधीच हात राखून लिहिलं होतं, की ही त्या वेळच्या अधिकाऱ्यांची टिपणं आणि आठवणी आहेत, खरं-खोटं समितीने ठरवावं. टिपण त्याच रात्री का लिहायचं, ते आता वेगळं सांगायला नको.

पाचवी पायरी: 'गँग ऑफ एट' जपून वापरा

अतिसंवेदनशील कारवाई असेल तर राष्ट्राध्यक्ष अख्ख्या समितीऐवजी फक्त आठ जणांना कळवू शकतात: दोन्ही सभागृहांतले दोन्ही पक्षांचे नेते आणि दोन्ही समित्यांचे अध्यक्ष व अल्पमताचे प्रमुख. संस्थेतल्या लोकांना हा मार्ग फार आवडतो. कमी कान, कमी गळती. पण ही सोय कायद्याने छुप्या कारवाईपुरती ठेवली आहे, आणि तिथेही अपवाद म्हणून.

शिवाय अशा बैठकीत सदस्याला स्टाफ सोबत नेता येत नाही, नंतर कोणाशी बोलता येत नाही. जुलै २००३मध्ये सिनेटर जे रॉकफेलर यांना अशाच, आठांहूनही लहान बैठकीत एनएसए या फोन-इंटरनेटवर कान ठेवणाऱ्या गुप्तचर संस्थेच्या पाळतीच्या कार्यक्रमाची माहिती मिळाली. त्याच दिवशी त्यांनी देशाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांना हाताने पत्र लिहिलं. हाताने, कारण टाइप कोणाकडून करून घेणार? मी तंत्रज्ञ नाही, वकीलही नाही, स्टाफशी बोलायची सोय नाही, मग या गोष्टीला मान्यता कशी देऊ, असा त्याचा आशय. एक प्रत त्यांनी समितीच्या सुरक्षित खोलीत सीलबंद करून ठेवली. डिसेंबर २००५मध्ये कार्यक्रम उघडा पडला तेव्हा ती बाहेर आली. 'आठांना सांगितलं होतं' हे वाक्य तुमची ढाल म्हणून फार काळ टिकत नाही ते असं. २०१०च्या कायद्याने तर आता बाकीच्या सदस्यांनाही किमान ढोबळ कल्पना द्यावी लागते.

सहावी पायरी: उघडी सुनावणी

दरवर्षी जगभरातल्या धोक्यांवर एक उघडी सुनावणी होते आणि तिला जोडून बंद दाराआडची. धोका उघड्या सुनावणीत. गोपनीय गोष्टीबद्दल सरळ प्रश्न आला तर तीन रस्ते असतात: खरं सांगणं, म्हणजे गुपित फुटणं, खोटं सांगणं, म्हणजे गुन्हा, आणि 'याचं उत्तर बंद सत्रात देतो' म्हणणं. तिसरा रस्ता ऐकायला बावळट वाटतो, कारण त्यावरूनच लोक अंदाज बांधतात. तरी तोच घ्यायचा.

माजी संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी १९७३मध्ये चिलीतल्या सीआयएच्या हस्तक्षेपाबद्दलच्या प्रश्नांना सिनेटच्या परराष्ट्र समितीसमोर नाही म्हणून उत्तर दिलं. त्यांच्या हिशेबी ती समिती ऐकायला पात्रच नव्हती. १९७७ साली कोर्टात २,००० डॉलर दंड आणि दोन वर्षांची स्थगित शिक्षा. मार्च २०१३मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना विचारलं, लाखो अमेरिकनांची माहिती एनएसए गोळा करते का? क्लॅपर नाही म्हणाले. तीन महिन्यांत एनएसएचे माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेली कागदपत्रं आली. यातला बारकावा तुमच्या कामाचा: वायडन यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रश्न आदल्या दिवशीच पाठवला होता, आणि सुनावणीनंतर उत्तर दुरुस्त करायची संधीही दिली होती. म्हणजे आदल्या दिवशी येणारे प्रश्न साहेबांच्या हातात पडले, त्यांनी ते वाचले, याची खात्री करणं, आणि सुनावणी संपल्यावर इतिवृत्त वाचून चूक सापडली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीपत्र नेणं, ही तुमची जबाबदारी.

सुनावणीनंतर लेखी प्रश्नांचा गठ्ठा येतो. तो कंटाळवाणा असतो, सगळे टाळतात. मुदतीत उत्तरं देणारा अधिकारी समितीच्या स्टाफला नावाने आठवतो.

सातवी पायरी: कागदपत्रं मागितली तर

सिनेटच्या समितीने २००९मध्ये सीआयएच्या कैद आणि चौकशी कार्यक्रमाचा अभ्यास सुरू केला. सीआयएने अट घातली, कागद आमच्याच व्हर्जिनियातल्या जागेत, आमच्या वेगळ्या नेटवर्कवर बघा. साठ लाखांहून जास्त पानं. पण संगणक कोणाचा, त्यात समितीच्या फाइलींना हात कोण लावू शकतो, हे पुरतं स्पष्ट राहिलं नाही. पुढे सीआयएच्या लोकांनी समितीच्या बाजूच्या फाइली चाळल्या. ११ मार्च २०१४ला अध्यक्षा डायान फाइनस्टाइन यांनी सभागृहात उभं राहून हे जाहीर केलं, जुलैमध्ये संचालक जॉन ब्रेनन यांना माफी मागावी लागली, आणि डिसेंबरमध्ये अहवालाचा सारांश प्रसिद्ध झाला. जागा, यंत्रं, पासवर्ड, प्रती आणि वाद झाला तर कोणाकडे जायचं, हे पहिला कागद देण्याआधी दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी लिहून घ्या. आणि एकदा दिलेला कागद परत काढून घेऊ नका.

पैशाचं थोडक्यात. वर्षारंभी अर्थसंकल्पाबरोबर गोपनीय समर्थन-पुस्तकं, म्हणजे कोणता पैसा कशासाठी हवा ते मांडणारी पुस्तकं, समित्यांकडे जातात. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. राष्ट्रीय गुप्तचर कार्यक्रमाचा एकूण आकडा २००७पासून दरवर्षी जाहीर होतो, २०२४च्या आर्थिक वर्षासाठी तो ७,६५० कोटी डॉलर होता. त्यातला सीआयएचा वाटा जाहीर होत नाही. त्या पुस्तकांतल्या प्रत्येक ओळीवर स्टाफर प्रश्न काढतात, वसंत ऋतू त्यातच जातो.

आपल्याकडे या खुर्चीला जोड नाही. रॉ १९६८पासून आहे, आयबी त्याहून कितीतरी जुनी, पण दोन्हींवर देखरेख करणारी संसदीय समिती नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११मध्ये त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं. ते कायदा झालं नाही. त्यामुळे वॉशिंग्टनची बातमी वाचताना 'समितीने झापलं' याचा अर्थ आपल्या संसदेतल्या गदारोळासारखा लावू नका. तिथे झापणाऱ्याकडे तिजोरीची किल्ली असते.

आठवी पायरी: विषम वर्षाचा जानेवारी

दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते. कालचा अध्यक्ष आज अल्पमताचा प्रमुख होतो. नव्या सदस्याला लँग्लीला, सीआयएच्या मुख्यालयात, बोलवा. संचालकांबरोबर जेवण, संग्रहालयात फेरी, हे सगळं छान. पण त्याला चालू छुप्या कारवायांची माहिती फोटोच्या आधी द्या. मागच्या काँग्रेसला दिलेली आणि अजून पुरी न झालेली आश्वासनं त्याच्या स्टाफरला आपणहून लिहून द्या, उशीर का झाला त्यासकट. ती यादी त्याच्याकडे जुन्या स्टाफकडून येणारच असते. तुमची आधी पोचली पाहिजे.